मसालची

आमच्या भागात माणूस गेला की तिसऱ्या दिवशी सकाळी राख सावडायला गाव नदीवर जमतं. राख पाण्यात सोडून झाली की कुणीतरी माइक हातात घेतं आणि गेलेल्या माणसावर दोन शब्द बोलतं. आमच्या गावात ते 'कुणीतरी' म्हणजे मी. हायस्कुलात एकतीस वर्षं मराठी शिकवलं, त्याची ही जन्मठेप. गावातच नाही, उंब्रजपासून आत वळलं की जी चार-पाच गावं लागतात तिथूनही बोलावणं येतं. सोयरिक नसते, ओळख नसते, पण फोन येतो, "गुरुजी, उद्या सातला सावडायचं हाय, दोन शब्द बोलाय पायजेत."

आणि मी जातो. काय बोलतो? मेल्या म्हशीला मणभर दूध. जन्मभर बायकोवर खेकसणारा माणूस माझ्या तोंडून शांत आणि संयमी होऊन जातो. शेजाऱ्याच्या बांधात रोज वीतभर नांगर घालणाऱ्याला मी अजातशत्रू म्हटलेलं आहे, आणि तो शेजारी समोर उभा राहून मान डोलवत होता. मला त्यात कधी पाप वाटलं नाही. मेलेल्या माणसाशी कसला हिशेब मांडायचा? घरच्यांना दोन घटका बरं वाटतं, आपलं काय जातं, असं मी बायकोला सांगायचो. ती म्हणायची, "तुमचं काय जातं ते तुम्हालाच ठाऊक."

हे सगळं सुरळीत चाललं होतं. गेल्या वर्षी माझ्या मित्राने त्यात पाय घातला.

मित्र म्हणजे पहिलीपासूनचा. एका बाकावर बसलो, एका विहिरीत पोहायला शिकलो. मी डी.एड.ला गेलो, तो फौजेत भरती झाला. सतरा वर्षांनी पेन्शन घेऊन परत आला, तेव्हापासून गाव त्याला 'फौजी' म्हणतं. मीही चारचौघांत फौजीच म्हणतो. एके सकाळी त्याचा फोन आला, "मास्तर, गोठ्याकडं ये. काम हाय."

गेलो. बाजेवर बसला होता. चेहरा पिठासारखा. म्हणाला, "हृदयाची झडप खराब झालीया. मिरजेला ऑपरेशन. गुरुवारी." मी काहीबाही धीर देऊ लागलो, आजकाल शास्त्र किती पुढे गेलंय वगैरे. त्याने हात वर केला.

"ते ऱ्हाऊ दे. मी गेलो तर तूच बोलणार न्हवं?"

"अरे, काय अभद्र बोलतोस सकाळी सकाळी!"

"आरं, बोलणार तर हाईसच. मग काय बोलणार ते आत्ताच म्हणून दाखव. मेल्यावर मला काय ऐकू येणार हाय व्हय?"

मला आधी हसू आलं. म्हटलं, बघू या. उभा राहिलो, म्हशींच्या दावणीसमोर घसा खाकरला आणि सुरू केलं. मनमिळाऊ, कष्टाळू, गावाचा आधार. तो मान खाली घालून ऐकत होता. मग मी नेहमीच्या वाक्यावर आलो, "रणांगणावर हातात मशाल घेऊन सर्वांच्या पुढे चालणारा हा वीर..."

"थांब," तो म्हणाला. "तेवढं काढ."

तो काय काढायला सांगत होता ते मला ठाऊक होतं. आणि मला ते ठाऊक आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

झालं होतं असं. तो पेन्शनवर आला तेव्हा गावाने त्याचा सत्कार ठेवला. सूत्रसंचालन अर्थातच माझ्याकडे. मी तेव्हा तरणाबांड मास्तर, जिभेवर साखर नुसती सांडत होती. सत्काराच्या आधी मी त्याला विचारलं, "तुझं पद काय होतं रे?" तो हळूच म्हणाला, "मसालची."

आता आमच्याकडे कुणी 'शाळा' म्हणत नाही, 'साळा' म्हणतात. शेत म्हणजे सेत, शेंगा म्हणजे सेंगा. पोरांचे 'स' सुधारून त्यांचे 'श' करणं हाच माझा धंदा. मी मनातल्या मनात त्याचाही शब्द सुधारला. मशालची! वा! फौजेत असं पद असतं हे मला माहीत नव्हतं, पण किती देखणं पद! माइक घेतला आणि जे सुटलो ते सुटलो. अंधारात मशाल धरणारा, तुकडीला वाट दाखवणारा, स्वतः जळून इतरांना उजेड देणारा. टाळ्यांचा कडकडाट झाला. तो हार घालून खुर्चीत बसला होता आणि माझ्याकडे टक लावून बघत होता. मला वाटलं, गहिवरलाय.

मसालची म्हणजे फौजेच्या लंगरात मसाला वाटणारा, भांडी घासणारा माणूस. हे मला पुढे दहा-बारा वर्षांनी कळलं. त्याच्या पेन्शनचा काहीतरी घोळ झाला होता, मी त्याचा अर्ज लिहायला बसलो आणि त्याचं फौजेचं पुस्तक हातात आलं. पद तिथे छापलेलं होतं. शेजारी कामही लिहिलेलं होतं. मी ते वाचलं, अर्ज लिहिला, पुस्तक मिटलं, चहा प्यायलो आणि घरी आलो. एक अक्षर बोललो नाही. तोवर उशीर झाला होता ना! दर सव्वीस जानेवारीला झेंडा त्याच्या हातून चढत होता. भरतीची तयारी करणारी पोरं पळायला जाण्याआधी त्याच्या पाया पडत होती. गावाच्या कमानीजवळच्या बोर्डावर त्याच्या फोटोशेजारी धडधडती मशाल रंगवलेली होती. मी काय सांगणार होतो? की बाबांनो, गुरुजींनी 'स'चा 'श' केला?

त्या सकाळी गोठ्यात तो सगळं बोलला. लंगरात सतरा वर्षं कढया घासल्या. थंडीत पाण्याने बोटं फुटायची. "बंदूक शिकवली तेवढीच. हजार माणसांचं जेवण झालं की हजार ताटं. ते काय वंगाळ काम न्हाई, मास्तर. मला त्याची लाज न्हवती. सत्काराच्या दिवसापातूर न्हवती."

"मग त्याच दिवशी का नाही बोललास?"

"तू बोलू दिलंस व्हय? अन् खाली समोरच ही बसली हुती. पदर तोंडाला लावून रडत हुती, आनंदानं. तिच्यासमोर उठून सांगू, की बाई, तुझा नवरा भांडी घासत हुता? त्या दिवसापासनं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलोय."

मग त्याने मला काय करायचं ते सांगितलं. तो गेला तर सावडायच्या दिवशी मी माइकवर खरं सांगायचं. मला संताप आला. म्हटलं, "वा रे शहाण्या! जिवंतपणी तू हार घालून घ्यायचे आणि मेल्यावर मी तुझं पितळ उघडं पाडायचं? आत्ता तोंड आहे ना तुला? सांग की स्वतः!"

"तिच्या देखत जमत न्हाई रं. तिला वाटतंय आपला मालक वाघ हाय." त्याने म्हशीपुढची वैरण सारखी केली. "आणि मशाल माझ्या हातात दिली कुणी, मास्तर?"

मी शब्द दिला. पण घरी येईपर्यंत मला कळेना की मी नेमका कशाला हो म्हणालो. खरं बोलायला? की मित्राच्या मरणाला? रात्रभर कुशी बदलल्या. खऱ्याचं एवढं प्रेम त्याला आत्ताच का आलं? मरण समोर दिसलं की माणसाला आपलं स्वतःचं काहीतरी हवं होत असेल. इतकी वर्षं लोक ज्याला नमस्कार करत होते तो दुसराच कुणीतरी होता, आणि तो दुसराच मेला तर याच्यासाठी रडणार कोण? असं काहीसं असावं. की मीच पुन्हा शब्दांचा मांडव घालतोय? माझा आता माझ्या जिभेवरही भरवसा राहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी थोरला शब्दकोश काढला. तिथे आणखी गंमत. मसालची हा शब्द मुळात मशालचीच! साहेबांच्या काळात जो नोकर रात्री मशाल धरायचा तोच दिवसा भांडी घासायचा. पुढे मशाली गेल्या, भांडी राहिली. घ्या! म्हणजे मी खोटं बोललोच नव्हतो की काय? अर्धा तास मी त्या पानावर खूश होऊन बसलो. मग मला माझीच लाज वाटली. माणूस मरणाच्या दारात उभा आणि मी शब्दकोशात पळवाट शोधतोय.

बुधवारी निघायचं होतं. मंगळवारी संध्याकाळी वहिनी, म्हणजे त्याची बायको, आमच्याकडे आली. हरभऱ्याची भाजी घेऊन आली होती, पण भाजी द्यायला आली नव्हती हे दिसतच होतं. माझी बायको चहा टाकायला आत गेली आणि वहिनी एकदम म्हणाली, "भावजी, परवा गोठ्याकडं तुमचं दोघांचं काय चाललं हुतं? मी वैरण घेऊन आलेली. भिंतीच्या आडोशाला हुते. समदं ऐकलं न्हाई, पर तुमी काय कबूल केलं तेवढं ऐकलं."

म्हटलं, "वहिनी, हे तुम्हाला असं कळायला नको होतं..."

"मला कळायचं काय ऱ्हायलंय? मला लय आधी ठावं हाय. उंब्रजच्या बाजारात एक बाई भेटली हुती, तिचा मालक ह्येंच्याच पलटणीत. म्हणाली, तुमच्या मालकाच्या हातचं घासलेलं पातेलं आरशासारखं चमकायचं. तवाच कळलं. सत्काराच्या बी आधी. मी त्या दिवशी रडले ते काय मशालीला रडले व्हय? माझा माणूस जित्ता परत आला म्हणून रडले."

तिला आधीपासून माहीत, मला मध्येच कळलेलं, आणि तो एकटा सगळ्यांपासून लपवत बसलेला! तीन माणसं एकच गुपित तीन कोपऱ्यांत घेऊन बसलेली.

"मग तुम्ही त्याला सांगितलं का नाही?"

"कशाला सांगू? त्येंला त्यात सुख वाटत हुतं. झेंडा चढवाय जाताना मिशीला पीळ देत्यात, ते मला आवडतं. आता तुमी माइकवर असलं काय बोलू नका. मेल्यावर माझ्या माणसाला खाली बसवू नका, भावजी. आणि मला ठावं हाय हे त्येंला कळू देऊ नका. माझी आण हाय."

इकडे आड, तिकडे विहीर. मी तिलाही मान हलवली. मला दुसरं येतंय काय!

बुधवारी आम्ही तिघे जीपने निघालो. कराड गेलं, इस्लामपूर गेलं, सांगलीत तिने थांबून गणपतीला नारळ फोडला. तो सगळ्या वाटेवर उसाच्या गाड्यांवर टीका करत होता, कोण वाकडी भरतोय, कोण घाई करतोय. मी त्याच्याकडे बघत होतो आणि मनात एकच घोळत होतं. याला एक वाक्य सांगितलं तर तीस वर्षांचं ओझं उतरेल. अरे, तिला ठाऊक आहे. एवढंच. पण ती आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती.

मिरजेला दवाखान्यात त्याला हिरवे कपडे दिले. त्या कपड्यांत तो इतका बारका दिसत होता की मला बघवेना. गुरुवारी सकाळी वहिनी खाली औषधं आणायला गेली आणि पाच मिनिटं आम्ही दोघंच राहिलो. पाच मिनिटं म्हणजे काय थोडा वेळ असतो?

तो म्हणाला, "बोलशील न्हवं?"

"तू बरा होऊन ये आणि स्वतःच बोल," मी म्हणालो. ओठांवर आलं होतं. आण आठवली. आणि खरं सांगायचं तर आणेपेक्षा दुसरंच काहीतरी आडवं आलं. मला वाटलं, ऑपरेशननंतर सांगू, तेव्हा मजा येईल, तिघे मिळून हसू. मी हसण्याची वेळ ठरवत होतो! वहिनी औषधं घेऊन आली. त्याला ढकलगाडीवर घेऊन गेले. जाताना त्याने मिशीवरून हात फिरवला, तर मिशी आदल्या दिवशीच काढलेली.

ऑपरेशन नीट झालं असं डॉक्टर म्हणाले. तो शुद्धीवर आलाच नाही. शुक्रवारी संध्याकाळी गेला.

सावडायच्या दिवशी नदीवर माणूस मावत नव्हता. आजूबाजूच्या गावांतले पेन्शनर फौजी टोप्या घालून आले होते. माइक माझ्या हातात आला. समोर बायकांच्या घोळक्यात वहिनी बसली होती आणि माझ्याकडेच बघत होती. काय बोलू? कुणाचा शब्द पाळू? मेलेल्याचा की जितीचा? मी बोलत गेलो आणि शेवटी माझ्या तोंडून निघालं, "माझा मित्र फौजेत मसालची होता."

स्पष्ट 'स' उच्चारला. जन्मभर पोरांचा जो सुधारत आलो, तोच.

एक पानही हललं नाही. आमच्या गावात 'स' काय आणि 'श' काय! सगळ्यांनी मशालचीच ऐकलं. मागून कुणीतरी ओरडलं, "अमर रहे!" आणि सगळी नदी ओरडली, "अमर रहे!" टोपी घातलेले दोन-तीन म्हातारे तेवढे एकमेकांकडे बघून गप्प राहिले. पुढचं वाक्य मला बोलायचं होतं, तो भांडी घासायचा, आणि त्याला त्याची लाज नव्हती. एवढंच. पण ओरडा थांबेपर्यंत मी माइक खाली ठेवला होता.

तेव्हा मला वाटलं, साधलं! खरंही बोललो, कुणाला दुखावलंही नाही. साप मेला, काठी शाबूत. घाट चढून वर येईपर्यंत मी माझ्यावर खूश होतो आणि वर आल्यावर ते वाक्य मनात पुन्हा म्हणून बघितलं. मी खरं बोललो होतो की खरं लपवायला खराच शब्द वापरला होता? आजही कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही.

बाराव्याच्या आधी गावातल्या मंडळाने त्याच्या नावाचा बोर्ड करायला टाकला. उंब्रजच्या फ्लेक्सवाल्याने नमुना माझ्या मोबाइलवर पाठवला. 'शुद्धलेखन तपासून ओके करा.' फोटो, मशाल, आणि खाली ठळक अक्षरात 'मशालची'. ऐकण्यात घोळ घालता येतो, लिहिण्यात येत नाही. मी बराच वेळ त्या एका अक्षराकडे बघत बसलो. मग मोबाइल घेऊन वहिनीकडे गेलो. म्हटलं, आता जे काय होईल ते तिच्या समोर होऊ दे.

ती सोप्यात बसून डाळ निवडत होती. मी नमुना दाखवला आणि सगळं सांगितलं. तो गोठ्यात माझ्यापाशी काय बोलला, अगदी शब्दशः. कढया, फुटलेली बोटं, हजार ताटं. सत्काराच्या दिवसापर्यंत लाज नव्हती, हे सांगितलं. तिच्यासमोर उठून बोलायचं धाडस झालं नाही, हेही सांगितलं. म्हटलं, "वहिनी, त्याला खरं हवं होतं. तुम्ही म्हणाल तसं करतो. 'स' लिहू की 'श'?"

तिने सुपातली डाळ एका बाजूला सारली. बोर्डाकडे बघितलंच नाही.

"म्हंजे ते मला भीत हुते," ती म्हणाली. "तीस वर्सं. माझ्यासाठी मिशी पिळत हुते."

मी मोबाइल खाली ठेवला.

"भावजी, मिरजेला मी औषधं आणाय खाली गेल्ते. तवा तुमी दोघंच हुता."

"हो."

"तवा तरी सांगितलंसा का त्येंला? मला ठावं हाय म्हणून?"

"तुम्ही आण घातली होती, वहिनी."

"मी घातली हुती," ती म्हणाली. "सांगितलंसा का?"

मी 'नाही' म्हणालो.